मिटवायचं, पण काय?

नावापुढे दोन आडव्या रेघा होत्या, अंडरस्कोअर म्हणतात त्या. मुलीच्या खऱ्या अकाउंटला एक, खोट्याला दोन. फोटो तोच, गॅदरिंगमधला. नऊवारी, नथ जराशी वाकडी. तिची आई मोबाईल माझ्या चष्म्याला टेकेल इतका जवळ धरून म्हणाली, "बाई, मलाच आधी कळलं नाही की ही माझी मुलगी नाही."

तोवर पंधरा दिवस उलटून गेले होते. त्या दोन रेघांच्या अकाउंटवरून वर्गातल्या मुलींना मेसेज जात होते. एकीला, तुझ्या डब्याला वास येतो. दुसरीला, तुझे बाबा काय करतात ते सगळ्यांना माहितीय. मुली दुखावल्या, तिच्याशी बोलेनाशा झाल्या, आणि ही बिचारी रोज घरी येऊन विचारत होती, "आई, माझं काय चुकलं?" आठवीतली मुलगी. आईला वाटलं, वयच तसं आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शेवटच्या पाच-सहा वर्षांत अशी प्रकरणं दर सहामाहीला एखादं तरी यायची, आणि निवृत्त झाल्यावरही लोक येतात. कोर्टकचेरी नको, पोलीस नको, बाई तुम्ही बसून मिटवून टाका, असं म्हणत येतात. त्यांचं चुकत नाही. चौदा वर्षांची दोन मुलं आणि एक खोटं अकाउंट, यासाठी कुणी वकील गाठावा असं मलाही वाटत नाही. पण 'मिटवणं' या शब्दापाशी मी आताशा थबकते. आपल्या भाषेत भांडण मिटवतात आणि पाटीवरचं अक्षरही मिटवतात. आईबाप घाबरले की पहिल्याऐवजी दुसरंच करून बसतात.

त्या मुलीच्या घरीही तेच झालं. वडिलांनी रात्री मुलीचा फोन काढून घेतला आणि तिचं खरं अकाउंटच डिलीट केलं. खोटं राहिलं तसंच. आजीने सांगितलं, शाळा बदला. काकांनी ओळखीच्या हवालदाराला फोन लावला. एवढ्या गडबडीत मुलीला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नाही.

मराठी शिकवणाऱ्या बाईला इथे पेशवाई आठवली नाही तर नवल. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. मीच तो भाऊ, पानिपतातून वाचलो, म्हणत त्याने माणसं जमवली, आणि नाना फडणविसांच्या काळात पुण्याच्या दरबाराला तो चांगलाच भारी पडला. 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. वर्गात मी हे रंगवून सांगायची. तोतयाचं फावलं कशामुळे? खरे भाऊ समोर येऊन 'तो मी नव्हे' म्हणायला उरलेच नव्हते म्हणून. तुमचं मूल मात्र घरात बसलेलं आहे. ते स्वतःच्या खऱ्या नावाने सांगू शकतं की ते अकाउंट माझं नाही. आणि नेमकं तेच अकाउंट आपण रागाच्या भरात बंद करतो.

म्हणून त्या रात्री आधी काय करायचं ते सांगते. मुलाच्या शेजारी बसा. 'तू काय केलंस?' हा प्रश्न गिळून टाका, निदान सकाळपर्यंत. खोट्या अकाउंटचे स्क्रीनशॉट घ्या: वरचं नाव, त्याखालचं इंग्रजी अक्षरांतलं युजरनेम आणि आलेले मेसेज तारीख-वेळेसकट. ज्यांना मेसेज गेले त्यांच्या फोनवरचेही घेऊन ठेवा. प्रोफाइलची लिंक कॉपी करून स्वतःलाच पाठवा, कारण युजरनेम हवं तेव्हा बदलता येतं आणि मग कालचं अकाउंट आज शोधूनही सापडत नाही. हे सगळं झाल्यावरच ब्लॉक करायचं. मग मुलाच्या खऱ्या अकाउंटवरून आणि वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर दोनच ओळी टाकायच्या: या नावाचं अकाउंट आमच्या मुलीचं नाही, त्यावरून काही आलं असेल तर आम्हाला पाठवा. कुणावर संशय नाही, रडगाणं नाही. ग्रुपवरच्या या दोन ओळींनी त्या मुलीचं अर्धं ओझं उतरलं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत तिघी येऊन तिच्याजवळ बसल्या, हे तिच्या आईने मला फोन करून सांगितलं तेव्हा आई रडत होती.

मग ॲपला रिपोर्ट मारायचा. नुसतं 'आवडलं नाही' किंवा 'स्पॅम' निवडू नका. 'माझं किंवा माझ्या ओळखीच्या व्यक्तीचं सोंग घेतलंय' अशा अर्थाचा पर्याय बहुतेक ॲपमध्ये असतो, तो निवडा. ओळखपत्र मागतात, ते त्यांच्याच फॉर्ममधून द्यायचं. मदत करतो म्हणून मेसेज करणाऱ्या कुणा भलत्याला आधारकार्डाचा फोटो पाठवायचा नाही. आमच्या वेळी पहिल्या रिपोर्टला उत्तर आलं की या अकाउंटने कुठलाही नियम मोडलेला नाही! नथीसकट फोटो चोरलाय, तरी नियम मोडलेला नाही. तिच्या वडिलांनी तिथेच हात टेकले. हात टेकायचे नसतात. प्रत्येक मोठ्या ॲपला आपल्याकडे तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा ईमेल किंवा फॉर्म साइटवर द्यावा लागतो. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 मध्ये आले, तेव्हा दुसऱ्याचं सोंग घेणारा किंवा फेरफार केलेला फोटो असेल तर त्या व्यक्तीच्या तक्रारीवर चोवीस तासांत पावलं उचलायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. तक्रारीत हे शब्द घालायचे आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवायचा. अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही, तर 2023 पासून केंद्र सरकारच्या तक्रार अपील समित्या आहेत. तीस दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं, कोर्टाची पायरी न चढता. इतक्या पालकांशी बोलले, पण या समित्यांचं नाव ऐकलेला एकही भेटलेला नाही. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. अधिकाऱ्याला लिहिल्यावर अकाउंट गेलं.

अकाउंट गेलं, पण ते कुणी केलं होतं?

इथे माझी स्वतःची चूक सांगायला हवी. त्या मेसेजमध्ये 'म्हणजे'च्या जागी सगळीकडे 'मंजे' लिहिलेलं होतं. वर्गातल्या एका मुलाच्या निबंधात तीन वर्षं मी त्याच 'मंजे'भोवती लाल गोल काढत आले होते. मला वाटलं, सापडला! एकतीस वर्षांचा अनुभव, अक्षर न बघता मूल ओळखणारी बाई मी. त्याच्या वडिलांना बोलावणं धाडलं. त्यांचं स्टँडजवळ स्टेशनरीचं दुकान. भर दुपारी शटर ओढून ते आले, आणि सगळ्यांसमोर मुलाला विचारलं गेलं. मुलगा म्हणाला, "मी नाही." मी म्हणाले, "हे 'मंजे' कोण लिहितं मग?" तो गप्प उभा. वडिलांनी माझ्यादेखत त्याच्या थोबाडीत मारली.

त्याने काही केलेलं नव्हतं. चॅटवर अर्धा वर्ग 'मंजे' लिहितो, हे मला नंतर कळलं.

केलं होतं त्या मुलीच्या बेंचवरच्या मैत्रिणीने. गॅदरिंगच्या नाचात हिला पहिल्या रांगेत घेतलं, तिला तालमीच्या शेवटच्या आठवड्यात वगळलं. बस, एवढंच. वगळणाऱ्या बाईंवर राग काढता येत नाही, तो मैत्रिणीवर निघाला. पाच दिवस ती जेवत नव्हती. सहाव्या दिवशी आत्याजवळ बोलली आणि आत्यानेच तिच्या आईवडिलांना घेऊन शाळा गाठली. अशी एखादी आत्या, मावशी, आजी प्रत्येक घरात असावी. चुकलेलं मूल आधी आईबापांकडे जातं असा आपला समज असतो, तो सोडून द्या.

तर पहिली गोष्ट ही, की घरच्या घरी मिटवायला कबुली लागते. कबुली नसेल तर अंदाजाने कुणाच्या दारात जायचं नाही. अकाउंट कुठल्या फोनवरून चाललं हे ॲप सांगू शकतं, ते पोलिसांनी विचारल्यावर, तुम्हाआम्हाला नाही. संशय असेल तर तो वर्गशिक्षकांच्या किंवा समुपदेशकांच्या कानावर घाला, पण पालकांच्या ग्रुपवर नाव टाकू नका. खोट्या नावाची लढाई लढताना दुसऱ्याच्या खऱ्या नावाला डाग लावणं फार सोपं असतं. मी लावलाय.

कबुली मिळाली, आता बसायचं. कुठे? पीडित मुलीच्या घरी नको, दुसरीच्याही नको. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तर नकोच. तिथे शिपाई तीनदा चहा घेऊन येतो आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं. आम्ही शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत बसलो, स्टुलांवर. आधी फक्त मोठी माणसं. दोन्हीकडचे बोलून, चिडून, रडून झाल्यावर मुलींना आत घेतलं. एका काकांनी येताना स्टॅम्प पेपर आणला होता! मुलीची सही घ्यायची म्हणे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या सहीला करारात काडीची किंमत नसते, हे त्यांना समजावताना वीस मिनिटं गेली. साध्या फुलस्केपवर पाच ओळी लिहिल्या, दोन्हीकडच्या मोठ्यांनी सह्या केल्या, एकेक प्रत ठेवली. 'यापुढे आम्ही कुठेही तक्रार करणार नाही' असं वाक्य काकांना त्यात हवं होतं, ते मी घालू दिलं नाही. उद्या त्याच मेसेजमधून काही भलतं निघालं तर? गुन्हा दाबून ठेवण्याच्या वचनाला कायदाही मान देत नाही. पैशाची गोष्ट निघाली तीही तिथेच थांबवली. 'क्लासची फी आम्ही भरू' असं दुसऱ्या मुलीचे वडील कळवळून म्हणाले होते, मनाने वाईट नव्हते. पण फी भरली की माफी विकत घेतल्यासारखी होते, आणि मुली ते बरोबर ओळखतात.

मग मागायचं काय? माझं मत असं, की जिथे नाव खराब केलं तिथेच ते धुवून निघालं पाहिजे. बंद खोलीत कान पकडून 'सॉरी' म्हणवून घेतलं तर मोठ्यांचं समाधान होतं. ज्या सात मुलींना ते मेसेज गेले होते, त्यांच्यापर्यंत ती सॉरी पोचत नाही. म्हणून ठरलं ते असं: तिने स्वतःच्या नावाने त्या सातजणींना सांगायचं की ते मी लिहिलं होतं. पुन्हा पुन्हा नाही, एकदाच. वर्गासमोर उभं करायचं नाही, यावर पीडित मुलीच्या आईने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. खोट्या अकाउंटचे स्क्रीनशॉट ज्यांच्याकडे होते त्यांनी ते काढून टाकायचे. एक संच फक्त पीडित मुलीच्या आईकडे राहील. आणि मुलीला स्वतःला काय हवंय, हे तिला विचारायचं. हे विचारायचं मीही विसरले होते, आत्यानेच आठवण करून दिली. मुलगी बराच वेळ टेबलावरच्या बुन्सेन बर्नरची नळी फिरवत बसली आणि मग म्हणाली, "मला दुसरा बेंच द्या. आणि तिला शाळेतून काढू नका."

दुसऱ्या बाजूच्या पालकांशीही दोन शब्द बोलायला हवेत. तोतयेगिरी करणारं मूल तुमचंही असू शकतं, आणि ते कळल्यावर पहिला हात त्याच्या फोनकडे जातो: सगळं डिलीट करून टाक, कुणाला कळायला नको. ते करू नका. पुढे कधी चौकशी झालीच तर लपवाछपवीमुळे मुलाची बाजू पडेल. दुसरी भीती पोलिसांची असते, आयुष्य बरबाद होईल म्हणून. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण आरोपी अठरा वर्षांखालचा असेल तर 2015 चा बाल न्याय कायदा लागतो. त्याखालच्या नियमांनुसार एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात मुलावर सहसा एफआयआर होत नाही, पोलीस दैनंदिनीत नोंद करतात आणि पुढचं बाल न्याय मंडळ बघतं. कायद्यालाही मुलाला सुधारायचंच आहे. तेव्हा कायद्याच्या भीतीने मुलाला खोटं बोलायला शिकवू नका.

गंमत बघा, याच माहिती तंत्रज्ञान कायद्यात 77 ए नावाचं कलम आहे. काही गुन्हे कोर्टात आपसात मिटवायची सोय त्यात आहे. पण ज्याच्यावर अन्याय झाला ते अठरा वर्षांखालचं मूल किंवा स्त्री असेल, तर ही सोय नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. आता कारण कळतं. 'जाऊ दे, मिटवून टाक' हे आपल्याकडे सगळ्यात जास्त कुणाला ऐकवतात?

त्यामुळे काही प्रकरणं माझ्याकडे आणू नका. आणलीत तर मी बसणार नाही. मुलीचा चेहरा नग्न फोटोवर चिकटवला असेल, आता तर ते एआयने मिनिटात होतं, समोर प्रौढ माणूस असेल, पैशाची मागणी असेल, भेटायला ये नाहीतर व्हायरल करतो अशी धमकी असेल, तर तिथे दोन कुटुंबांनी चहा पीत ठरवण्यासारखं काही उरत नाही. 2012 चा पॉक्सो कायदा सांगतो की मुलावर असा लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की ते पोलिसांना कळवलंच पाहिजे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. शाळेलाही तो लागू आहे. मुलीच्या लग्नात अडचण येईल, म्हणणारे आजोबा मी पाहिलेत. त्यांना मुलीची काळजी होती हे खरं, पण ती मुलगी पुढे वर्षभर कुठल्याही फोटोत उभी राहायला तयार नव्हती. अशा वेळी 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, पैसे गेले असतील तर 1930. पोर्टलवर महिला आणि मुलांबाबतची तक्रार नाव न सांगताही करता येते. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवाही आहे. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा आकड्यांतला ठसा तेवढा जातो, आणि त्या सेवेत सामील असलेली ॲप तो फोटो शोधून काढतात. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या अशा फोटोंसाठीच आहे ती.

प्रयोगशाळेतलं ते प्रकरण मिटलं. बेंच बदलला. त्या दोघी पुन्हा मैत्रिणी झाल्या नाहीत, व्हायलाच हव्यात असं मला वाटतही नाही. दहावीपर्यंत एका वर्गात बसल्या, एवढं पुरे.

त्या 'मंजे'वाल्या मुलाची मी माफी मागितली होती. वर्गात, सगळ्यांसमोर, कारण मी त्याला सगळ्यांसमोरच विचारलं होतं. तो "ठीक आहे बाई" म्हणाला आणि खाली बसला. त्याच्या वडिलांनी तर नंतर मलाच समजावलं, "बाई, सोडा हो, पोरं आहेत." आता तो अकरावीत आहे, सुट्टीत दुकानावर बसतो. परवा नातवासाठी वह्या घ्यायला गेले होते. त्याने सहा दुरेघी, सहा चौकटी मोजून काढल्या, कागदात बांधल्या, बिलबुक ओढलं आणि मान वर न करता विचारलं, "नाव काय लिहू?"

पाचवीपासून माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा.

मी नाव सांगितलं. त्याने ते लिहिलं, एकही चूक न करता.